रायफलीला लावलेला भंडारा

हडपसर

निवडणूक लागली की हडपसरात सगळ्यांच्या दारात उमेदवार यायचे. आमच्या दारात त्यांच्या आधी पोलीस यायचा. परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करा, निकाल लागला की घेऊन जा.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एका सराफाच्या दुकानाबाहेर बंदूक घेऊन स्टुलावर बसायचे. बंदूक आजोबांची, दोन नळ्यांची. परवाना अण्णांच्या नावावर. सराफाने अण्णांना कामाला ठेवलं होतं असं म्हणवत नाही. त्याने बंदूक ठेवली होती, आणि ती धरायला माणूस लागतो म्हणून अण्णा. बंदूक जमा झाली की तो म्हणायचा, "अण्णा, नुसतं बसून काय करणार? ती आली की तुम्हीपण या." बँकांच्या रखवालदारांना सूट मिळायची. आम्हीही तशी सूट मागणारा अर्ज करायचो, पण त्यावर सही होईपर्यंत गुलाल उधळून झालेला असायचा. लोकसभा, विधानसभा, महापालिका. लोकशाहीचा उत्सव आमच्या घरी आधी पिठलं-भाकरीवर साजरा व्हायचा आणि शेवटी शेवटी नुसत्या भाकरीवर. आई तेवढे दिवस भाजी बाजारात लसूण निवडायला जायची. रात्री तिच्या बोटांना वास यायचा आणि ती आम्हाला जवळ घ्यायची नाही.

बंदूक ठाण्यात नेण्याआधी अण्णा तिला जेजुरीचा भंडारा लावायचे. एक बोट दस्त्याला, एक बोट घोड्याला. मी लहानपणी विचारलं होतं, कशाला? ते म्हणाले, "परक्यांच्या हातात चाललीया. माघारी यायला पायजे." आणि ती यायची. कधी गंजून, कधी दस्त्यावर नवा ओरखडा घेऊन, पण यायची. आल्यावर अण्णा ती खाटेवर ठेवून नखाने नळीवरून हळूहळू चाचपायचे, जसं शाळेतून आलेल्या पोराचं डोकं बघतात.

गेल्या निवडणुकीत अण्णा न्यूमोनियाने दवाखान्यात होते. हवालदार घरी आले, बंदूक घेतली, पावती दिली आणि गेले. भंडाऱ्याचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. निकाल लागले. दरम्यान परवान्याची मुदत संपली होती, म्हणून अण्णा नूतनीकरणाला गेले. मी सोबत होते. खिडकीपलीकडच्या साहेबांनी कागद चाळले.

"कारण स्वसंरक्षण लिहिलंय. सराफाकडं आता एजन्सीचे गार्ड आहेत ना?"

"हो."

"मग काका, तुमच्याकडं असं आहे काय, की कुणी चोरून न्यावं?"

अण्णा म्हणाले, "बंदूक."

मागच्या रांगेतले हसले. साहेबही हसले. पण नूतनीकरण झालं नाही, आणि बंदूक परत आली नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचा प्रवास यावाचून कळणार नाही.

निघण्यापूर्वी

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. कॉलेजात एनसीसीत रायफल हातात आली तेव्हा बाकीच्या मुली धक्क्याला घाबरत होत्या आणि मला मात्र ती जड वस्तू ओळखीची वाटली. पदवीनंतर वारज्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. हडपसर ते वारजे बस, शाळा सुटली की रेंज. काही वर्षांनी खेळ सोडणाऱ्या एका ताईंची पॉइंट टू-टूची जुनी रायफल रीतसर माझ्या परवान्यावर आली.

यंदा जर्मनीतल्या एका खुल्या स्पर्धेत माझा प्रवेश स्वीकारला गेला. खर्च माझा मीच करायचा. आमचे प्रशिक्षक, सर म्हणू, त्यांनी सरळ सांगितलं, "सहाशेपैकी पाचशे पंच्याहत्तर मार. राष्ट्रीय शिबिराची यादी होईल तेव्हा मी तुझं नाव घेऊन भांडू शकेन. त्याखाली आलीस तर भांडायला माझ्याकडे काही नाही." सरावात माझे पाचशे अठ्ठ्याहत्तर झाले होते. पुन्हा परदेशी जायची आमची ऐपत नव्हती. तेव्हा एकच संधी होती आणि ती सगळ्या घराला माहीत होती.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांना सांगते: स्वतःचं हत्यार घेऊन देशाबाहेर जाणं हे स्वतः जाण्यापेक्षा फार अवघड. माझा पासपोर्ट मुकाट आला. रायफलीसाठी मात्र परवाना शाखा, रायफल संघटना, विमान कंपनी, तिकडचं निमंत्रण, तिकडचा आयात परवाना, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा कागद आधी हवा. आई म्हणाली, "पोरीचं लगीन जमवायला बी येवढे कागद लागत न्हाईत." मी म्हटलं, "म्हणूनच जमत नाही."

अण्णा मात्र गप्प होते. नोकरी गेल्यापासून ते गप्पच असतात. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एकच विचारलं, "मध्ये किती जणांच्या हातात जाईल?"

मी मोजू लागले आणि सोडून दिलं. "पुष्कळ."

"हं," ते म्हणाले.

मी त्यांना बजावलं होतं, पेटीत रायफलीशिवाय काही नको. बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा खटका, वेगळा, काडतुसं वेगळ्या डब्यात, पेटीला दोन कुलुपं. त्यांनी मान हलवली. अण्णांची मान हलते तेव्हा ऐकलं एवढंच समजायचं.

मुंबई, विमानतळ

विमानतळावर रायफलीची पेटी घेऊन उभं राहिलं की माणसं दोन पावलं लांब सरकतात. एका काकूंनी विचारलं, "सतार का हो?" मी हो म्हटलं. त्या खूश झाल्या आणि आपल्या भाचीच्या गाण्याच्या क्लासबद्दल बोलत बसल्या.

कस्टमच्या साहेबांनी पेटी उघडायला लावली. नळीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला. ही रायफल बाहेर जाते आहे असा दाखला दिला, म्हणजे परत येताना ती नवी आणली असं कुणी म्हणू नये. ते म्हणाले, "मॅडम, हा कागद जपा. माणूस हरवला तर चालतो, हा नाही." त्यांनी रायफल पाहिली, बोल्टची पिशवी पाहिली. फोम उचलून खाली पाहिलं नाही. मीही नाही.

जर्मनी, उतरल्यावर

तिथल्या कस्टमच्या खोलीत पांढरा प्रकाश आणि स्टीलचं टेबल होतं. अधिकारी उंच बाई होत्या, केस घट्ट बांधलेले. माझे कागद पाहून त्या समाधानी दिसल्या. मग त्यांनी फोम उचलला.

खाली वर्तमानपत्राच्या तुकड्याची पुडी. पुडी फुटली होती. दस्त्याच्या खाचेत, चापाभोवती, बोल्टच्या पिशवीच्या शिवणीत, सगळीकडे पिवळी भुकटी.

मला एका क्षणात कळलं. परक्यांच्या हातात चाललीया.

त्या बाईंनी हातमोजे बदलले. दार उघडून कुणाला तरी हाक मारली. आणखी एक माणूस आला, कुत्र्यासह.

"हे काय आहे?"

"हळद," मी इंग्रजीत सांगितलं. "स्वयंपाकाची."

"बंदुकीच्या पेटीत?"

आता कसं सांगणार? "देवाची आहे. वडिलांनी ठेवली. रायफल परत यावी म्हणून."

"कोणता देव?"

"आमचा. घोड्यावर बसतो. हातात तलवार असते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच्याकडे परवाना आहे?"

चेहऱ्यावर रेघ हलली नाही. पुण्यात असं कुणी बोललं असतं तर मला लगेच कळलं असतं की टोमणा आहे. इथे कळेना. मी हसले नाही, त्याही नाही.

कुत्र्याने पेटीचा वास घेतला, शिंकलं आणि पेटीकडे पाठ फिरवली. पण कुत्र्याच्या शिंकेवर तिथे कारभार चालत नाही. भुकटी तपासणीला जाणार, निकाल येईपर्यंत पेटी त्यांच्याकडे, त्यात मध्ये शनिवार-रविवार. त्यांनी मला पावती दिली. नीट, छापील, दोन भाषांत. मी ती हातात धरून उभी राहिले आणि मला आमच्या घरातली हवालदारांची पावती आठवली. ती अजून अण्णांच्या पाकिटात आहे.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नियमाने काम केलं. रागावण्यासारखं कुणी समोर नव्हतं, हाच त्रास होता. अण्णांवर रागवावं तर ते हडपसरात खाटेवर बसून माझ्या फोनची वाट बघत होते.

फोन केला. "पोहोचले."

"आणि ती?"

"ती पण," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

थुरिंगियाच्या डोंगरात

स्पर्धेचं गाव डोंगरांच्या बेचक्यात. सगळीकडे काळीभोर सूचिपर्णी झाडं, त्यांच्या माथ्यावर धुकं अडकलेलं. मे महिना होता, पुण्यात डोकं फुटेल असं ऊन. इथे दिवसभर भुरभुर पाऊस आणि हिरवा रंगसुद्धा काळ्यात बुडवून काढल्यासारखा. गावात पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडवतात. आपल्याकडे तांबट आळी असावी तसं. दुकानाच्या काचेत रायफली उभ्या आणि शेजारच्या काचेत केक. कुणी थबकून बघतही नाही.

मी ज्यांच्या घरी उतरले ते वेबर आजोबा (हे खरं नाव नाही) क्लबात स्वयंसेवक होते. बायको वारलेली. घरात तिची चप्पल दाराशी अजून जोडीने ठेवलेली. पहिल्या संध्याकाळी त्यांनी बटाट्याचे उकडलेले मोठे गोळे केले, वर तपकिरी रस्सा. गोळा फोडला तर आत तुपात तळल्यासारखे पावाचे कुरकुरीत तुकडे. मला उकडीच्या मोदकाची आठवण झाली, फक्त गोडाच्या जागी काहीच नाही. मी पिशवीतून जवसाची चटणी काढली. त्यांनी चिमूटभर घेतली, डोळे पुसले आणि पुन्हा घेतली.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "माझे वडील शिकारी होते. तेव्हा इथे पूर्व जर्मनी होतं. शिकारीची बंदूक घरी ठेवता येत नसे. ती सरकारी कोठीत. शिकारीच्या दिवशी सकाळी सही करून घ्यायची, संध्याकाळी सही करून परत द्यायची."

"रोज?"

"प्रत्येक वेळी. वडील म्हणायचे, माझी बायको दुसऱ्याच्या घरी झोपते."

"मग?"

"मग भिंत पडली. कायदा बदलला. घरी स्वतःची बंदूक आली." त्यांनी रस्सा पुसून घेतला. "तोवर त्यांना हरीण आणि झुडूप यांतला फरक दिसत नव्हता. ती बंदूक त्यांनी फक्त पुसली. आठ वर्षं."

पावसाचा आवाज येत होता. मी उठून ताटल्या धुवायला घेतल्या.

अधिकृत सरावाच्या दिवशी माझी रायफल नव्हती. क्लबने स्वतःची एक दिली, उपकार झाले. पण या खेळातली रायफल म्हणजे दुसऱ्याची चप्पल. गालाची पट्टी, खांद्याचा हूक, दस्त्याची लांबी, सगळं ज्याच्या त्याच्या हाडांप्रमाणे बसवलेलं असतं. मी त्या रायफलीवर गोळ्या मारल्या आणि प्रत्येक गोळीनंतर गाल चुकीच्या जागी गेल्याचं जाणवलं. शेजारच्या पट्ट्यावर एक लाल गालांची मुलगी दहावर दहा मारत होती. तिच्या आईने मला सफरचंद कापून दिलं. दया खाल्ली की सफरचंद, सांगता येणार नाही.

सरांना फोन केला. "स्वतःची नाही मिळाली तर हिच्यावरच उतरू का?"

"उतर. पण आकडा विसर."

"सर, आकडा विसरायला मी इतक्या लांब आले नाही."

"सुरेखा, अण्णांना काही बोलू नकोस."

"बोलले नाहीये."

सोमवारी दुपारी कस्टमचा फोन आला. भुकटी म्हणजे हळद. तीच, जी मी पहिल्या मिनिटाला सांगितली होती. वेबर आजोबांनी गाडी काढली. पावसात जाऊन, सह्या करून, पेटी घेऊन आम्ही अंधार पडायच्या सुमारास रेंजवर परतलो. शस्त्रतपासणीवाले आमच्यासाठी थांबले होते. मी चाप, बोल्ट, खाचा पुसल्या. तेल आणि भंडारा मिळून पिवळा लगदा झाला होता, तो काडीला कापूस लावून काढला. सगळा निघाला असं वाटलं. कापूस पांढरा येईपर्यंत पुसलं. पण रायफल मारून पाहायला उजेड उरला नव्हता.

सामना

सकाळी धुकं खाली उतरलं होतं. आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं. प्रत्येकी वीस गोळ्या. सुरुवातीला नेम जुळवायला थोडा वेळ मिळतो. बाकीच्यांनी तो दोन दिवस आधीच जुळवून ठेवला होता. मी त्या मिनिटांत थंडी, नवा वारा आणि चार दिवस परक्या फडताळात झोपून आलेली रायफल, तिन्हींशी एकदम ओळख करत होते.

तरीही गुडघ्यावर चांगलं झालं. पालथं त्याहून चांगलं. पालथी असताना गाल पट्टीवर टेकवला आणि नाकात हळदीचा वास आला. अगदी बारीक. कुठल्या तरी फटीत राहिलाच होता. क्षणभर मी जर्मनीत नव्हते. आमच्या खाटेजवळ होते आणि अण्णा नखाने नळी चाचपत होते. खरं सांगते, त्या वासाने मला त्रास झाला नाही. हात स्थिर झाले. सलग नऊ गोळ्या दहाच्या वर्तुळात गेल्या.

उभं राहिल्यावर मात्र सराव लागतो, देव नाही. पाचशे पंच्याहत्तरपर्यंत पोहोचायला उरलेल्या गोळ्यांत चुकायला जागा नव्हती आणि मी चुकले. एक आठ. नंतर नऊ, नऊ. मग पुन्हा आठ. वारा डावीकडून येत होता हे मला शेवटच्या पाच गोळ्यांना कळलं. ज्यांनी स्वतःच्या रायफलीवर सराव केला होता त्यांना ते आधीच माहीत होतं.

पाचशे एकाहत्तर.

वेबर आजोबा मागच्या बाकावर बसले होते. ते उठून आले, माझं जड जॅकेट उतरवायला मदत केली आणि म्हणाले, "कॉफी?" एवढंच. मी हो म्हटलं. ती कडू होती आणि मी साखर मागितली नाही.

परत

मुंबईत कस्टमच्या टेबलावर वेगळे साहेब होते. क्रमांक ताडला, दाखला पाहिला, शिक्का मारला.

"मेडल?"

"नाही."

"मग एवढं ओझं घेऊन गेलात कशाला?"

"परत आणायला," मी म्हटलं. त्यांना तो उर्मटपणा वाटला असावा. मला तर तेवढंच उत्तर येत होतं.

घरी आले तेव्हा अण्णा दारातच होते. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग म्हणाली, "किती वाळलीस गं! तिकडं काय खायला हाय का न्हाय?" मी पेटी खाटेवर ठेवली आणि दोन्ही कुलुपं उघडून दिली. अण्णांनी रायफल उचलली नाही. आधी फोम उचलून पाहिला. खाली नुसता पिवळा डाग.

"पुडी कुठंय?"

"त्यांनी ठेवून घेतली. तपासायला."

"सगळी?"

"जेवढी होती तेवढी."

मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण ते इतका वेळ डागाकडे बघत राहिले की मी सगळं सांगितलं: टेबल, कुत्रा, शनिवार-रविवार, आठ, नऊ, नऊ, आठ. आई स्वयंपाकघराच्या दारात थांबून ऐकत होती. तिच्या हातातलं पीठ वाळलं.

"म्हंजी माझ्यामुळं ऱ्हायलं," अण्णा म्हणाले.

मी नाही म्हटलं नाही. त्यांनाही ते खोटं चाललं नसतं.

मग त्यांनी रायफल मांडीवर घेतली आणि नखाने नळीवरून चाचपायला सुरुवात केली, टोकापासून मागपर्यंत. दस्ता उलटा करून पाहिला. बोल्ट उजेडात धरला. कितीतरी दिवसांनी त्यांचे हात काही काम करताना दिसले.

"गंज न्हाई," ते म्हणाले. "ओरखडा बी न्हाई. चांगली ठेवली लोकांनी."

"हो."

"पोरी, भंडारा जिंकायला नसतोय. माघारी यायला असतोय." त्यांनी रायफल पेटीत ठेवली. "पुढच्या येळंला तुला सांगून लावीन. पुडी न्हाई, वरच्या वर एक बोट."

पुढची वेळ येईल का, मला माहीत नाही. शिबिराच्या यादीत माझं नाव आलं नाही. माझ्या आजोबांची ती दोन नळ्यांची बंदूक अजून पोलिसांच्या कोठीत आहे. पण आमच्या घरातली पहिली पदवीधर मुलगी स्वतःच्या परवान्यावरची रायफल घेऊन देशाची हद्द ओलांडून गेली, तिच्यावर पाचशे एकाहत्तर गुण मारले, आणि ती रायफल कायद्याने नेली तशी कायद्याने घरी परत आणली.